गोल करणाऱ्या पोरीचा देश कोणता?

मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत मनोरी येते. महापालिकेच्या हद्दीतलेच हे गाव, पण बोटीतून उतरताना मुंबई मागे राहिल्यासारखी वाटते. कोळ्यांच्या होड्या, ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी घरे, माडांच्या रांगा आणि उन्हात घातलेली मासळी. गोराईच्या विपश्यना पॅगोडाला गेले की परतताना मी बऱ्याचदा मनोरीच्या बाजूने येते. रविवारी ओहोटी असेल तर ओल्या वाळूवर पोरांचा फुटबॉल रंगलेला असतो. चपलांच्या दोन-दोन जोड्या ठेवून गोल आखलेले, संघ म्हणजे उघडे विरुद्ध बनियनवाले. पाणी चपलांपर्यंत आले की सामना संपला, हा तिथला नियम. कोणी हरकत घेत नाही.

त्या पोरांत एक आमच्या बाजूचा आहे. मालवणीच्या अंबुजवाडीतून बोटीने येतो. त्याच्या आजीची झोपडी २००४-०५ च्या मुंबईतल्या मोठ्या पाडकामात गेली, नंतर बांधलेलीही एकदा गेली. मूळचे परभणीकडचे, आपल्याच समाजातले लोक. त्याची आई माझी पक्षकार आहे. गेल्या वर्षी एका संस्थेच्या चौदा वर्षांखालील निवड चाचणीत त्याने तीन सामन्यांत पाच गोल केले. प्रशिक्षकांनी पाठ थोपटली आणि जन्मदाखला मागितला. तो नव्हता. पोरगा जन्मला झोपडीत, सुईणीच्या हातावर. लसीकरणाचे कार्ड होते, ते पाडकामात मातीखाली गेले. जन्माची नोंद कोणी केलीच नव्हती.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १३ प्रमाणे वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी हे काम प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते, २०२३ च्या दुरुस्तीने ते जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी यांच्याकडे गेले. २०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने उशिरा नोंदणीची चौकशी आणखी कडक केली. कारण काय? परदेशी घुसखोर खोटे दाखले काढतात. घुसखोर किती सापडले ते सरकार सांगेल. आमच्या अंबुजवाडीच्या पोराचा अर्ज मात्र एका कार्यालयातल्या टेबलावर पडून राहिला, चाचणी संपली, निवडयादी लागली. परभणीच्या बापाच्या आणि मालवणीत जन्मलेल्या पोराला आपण याच देशाचे आहोत हे सिद्ध करायला सांगितले गेले. सिद्ध करायची पाळी नेहमी कोणावर येते, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको.

मनोरीच्या वाळूवर तो मला म्हणाला, "ताई, कागद नसताना कोणी मोठा प्लेयर झालाय का?"

मी म्हटले, झालाय नाही रे, झालीय.

तिचे नाव नादिया नदीम. जन्म २ जानेवारी १९८८, अफगाणिस्तानातील हेरात. बाप अफगाण सैन्यात जनरल. घरात पाच मुली. तालिबानची राजवट १९९६ मध्ये काबूलवर आली आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. सोबत पुरुष नातेवाईक असल्याशिवाय बाईने घराबाहेर पडायचे नाही, नोकरी करायची नाही, असे फतवे निघाले. पाच मुलींना चेंडू आणून देणारा बाप त्या राजवटीत किती दिवस टिकणार? २००० साली तालिबानने त्याला ठार मारले. आता घरात एक विधवा, पाच लेकी आणि पुरुष एकही नाही. म्हणजे फतव्याचा शब्द पाळायचा तर सहा जणींनी घरात बसून उपाशी मरायचे. मनुस्मृतीत बाईला बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात ठेवणारा जो विचार आहे तो कोण्या एका धर्माची मालमत्ता नाही. काबूलमध्ये त्याने दुसरी टोपी घातली होती, एवढेच.

आईने असेल नसेल ते विकले. खोटे पासपोर्ट मिळवले. पाकिस्तानातून इटली आणि तिथून मालट्रकच्या मागच्या भागात लपून पुढे. लंडनला पोहोचणार अशी समजूत होती. ट्रक थांबला, खाली उतरल्या, तर तो देश डेन्मार्क निघाला. जगाच्या नकाशात कुठे आहे हेही माहीत नसलेला देश.

वकील म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. खोटे पासपोर्ट हा शब्द वाचताच आपल्यातल्या काही सुशिक्षितांच्या कपाळाला आठी पडते. पण ज्या राजवटीने नवऱ्याला मारले त्याच राजवटीच्या खिडकीवर जाऊन विधवेने पासपोर्टचा अर्ज करायचा काय? १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ३१ मध्ये हे ओळखलेले आहे. जिवाच्या भीतीने थेट पळून आलेल्या माणसाने विनापरवाना प्रवेश केला, स्वतःहून लगेच अधिकाऱ्यांसमोर हजर झाला आणि सबळ कारण दाखवले, तर केवळ त्या प्रवेशासाठी त्याला शिक्षा करायची नाही. डेन्मार्क हा त्या करारावर सही करणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक. भारताने आजपर्यंत सही केलेली नाही.

निर्वासितांच्या छावणीजवळ एका क्लबची मैदाने होती. तिथे मुली फुटबॉल खेळताना नादियाने पाहिल्या. मुलींचा संघ असू शकतो, त्यांना प्रशिक्षक असू शकतो, त्यांच्या पायात बूट असू शकतात, ही तिच्यासाठी नवी बातमी होती. काही दिवस ती नुसती बघत राहिली, मग जाऊन विचारले, मी येऊ का? त्यांनी ये म्हटले. कोणी तिची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, कागद नंतर पाहू म्हणाले. मला विचाराल तर तिच्या कारकिर्दीतला पहिला गोल तिथेच झाला आणि तो त्या अनोळखी प्रशिक्षकाने केला.

पुढची वाट लहान क्लबांतून गेली. ऑलबॉर्गचा बी ५२, मग व्हिबॉर्ग, मग २००६ पासून आरहूसचा स्कोव्हबाकेन. २०१२ मध्ये फॉर्च्युना हियोरिंग या डेन्मार्कच्या बड्या क्लबात ती आली आणि चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात ग्लासगो सिटीविरुद्ध दोन गोल करून सामना २-१ असा जिंकून दिला. ती स्ट्रायकर, म्हणजे आघाडीवर खेळणारी. फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी सांगते, स्ट्रायकरचे काम विचित्र असते. ऐंशी मिनिटे तिला फारसे काही मिळत नाही. दोन बचावपटूंच्या मध्ये उभे राहायचे, धक्के खायचे, धावायचे, चेंडू येत नाही म्हणून परत यायचे. मग एकदाच एखादा चेंडू येतो, अर्धा क्षण मिळतो. तो साधला तर नाव होते, हुकला तर हुर्यो. आपल्या वस्त्यांतल्या पोरांना हे काम शिकवावे लागत नाही. बाकी आयुष्यही त्यांना एवढीच संधी देते.

क्लबसाठी खेळायला कागद फारसे लागत नाहीत. देशासाठी लागतात. वयात आल्यावर नादियाला डॅनिश नागरिकत्व मिळाले, तरी फिफाचा नियम आडवा आला. नवीन नागरिकत्व घेणाऱ्या खेळाडूने वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर त्या देशात सलग पाच वर्षे राहिलेले असले पाहिजे, असा तो नियम होता. श्रीमंत देशांनी गरीब देशांतले तयार खेळाडू पैसे देऊन पळवू नयेत म्हणून केलेला. हेतू चांगला. पण बारा वर्षांची असताना ट्रकमधून आलेली पोर आणि पंचवीस वर्षांचा विकत घेतलेला खेळाडू यांना नियमाने एकाच तराजूत टाकले. विषमांना समान वागवणे हीसुद्धा विषमताच असते, हे आपण राज्यघटनेच्या कलम १४ वर कोर्टात रोज भांडतो.

डॅनिश फुटबॉल संघटना गप्प बसली नाही. फिफाच्या विधी विभागाकडे प्रकरण नेले आणि नादियासाठी अपवाद करून घेतला. मार्च २००९ मध्ये पोर्तुगालमधील अल्गार्व्ह चषकात ती अमेरिकेविरुद्ध डेन्मार्ककडून उतरली. नागरिकत्व घेऊन डेन्मार्कच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघात खेळणारी ती पहिली व्यक्ती. पुरुषांतसुद्धा तिच्या आधी कोणी नव्हते. पुढे २०२० मध्ये फिफाने नियमच बदलला. दहा वर्षांच्या आत त्या देशात आलेल्याला तीन वर्षांचे वास्तव्य पुरे, दहा ते अठरा या वयात आलेल्याला पाच वर्षांचे. बारा वर्षांच्या नादियाला आजच्या नियमात अपवादाची गरज पडली नसती.

यानंतरची कारकीर्द वेगाने सांगते. अमेरिकेत स्काय ब्लू, मग पोर्टलंड थॉर्न्स. २०१७ मध्ये पोर्टलंड अमेरिकेचा विजेता. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर सिटी, २०१९ मध्ये पॅरिस सेंट जर्मेन. लियोंचा महिला संघ फ्रान्सची लीग सलग चौदा वर्षे जिंकत आला होता. २०२०-२१ मध्ये पॅरिसने ती मालिका मोडली, त्या संघात नादिया होती. मग लुईव्हिल, तिथे गुडघ्याची मोठी दुखापत, तरी २०२४ मध्ये एसी मिलान. डेन्मार्ककडून शंभराहून अधिक सामने.

पण २०१७ च्या उन्हाळ्यात जरा थांबू या. युरोपियन अजिंक्यपद, नेदरलँड्स. उपांत्यपूर्व फेरीत समोर जर्मनी. हा चषक त्यांनी ओळीने सहा वेळा जिंकलेला. पावसामुळे सामना दुसऱ्या दिवशी खेळवावा लागला. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला. दुसऱ्या अर्धात नादियाने डोक्याने बरोबरी साधली, मग तेरेसा नील्सनने दुसरा गोल केला आणि जर्मनी घरी गेला. ६ ऑगस्टला एन्शेडेमध्ये अंतिम सामना, यजमान नेदरलँड्सशी. सहाव्याच मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी मिळाली. स्टेडियम नारिंगी रंगाने भरलेले, सगळे विरोधात ओरडणारे. चेंडू जागेवर ठेवायला पुढे आली ती ट्रकमधून उतरलेली पोर. गोल. डेन्मार्क तो सामना ४-२ ने हरला, तरी युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातला डेन्मार्कच्या महिलांचा पहिला गोल एका अफगाण निर्वासित मुलीच्या नावावर आहे.

त्यानंतर जे घडले ते आपल्या वाचकांना अधिक आवडेल. उपविजेत्या ठरलेल्या त्या बायकांनी मानधन आणि नोकरीच्या शर्तींवर आपल्याच संघटनेशी भांडण मांडले. सप्टेंबर २०१७ मधला नेदरलँड्सविरुद्धचा सामना झाला नाही. ऑक्टोबरमध्ये स्वीडनविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्याला संघ उतरला नाही आणि तो सामना डेन्मार्कला सोडावा लागला. ज्या संघटनेने फिफाशी झगडून नादियाला संघात आणले, तिच्याशीच हे भांडण. उपकार केले म्हणून हक्क सोडायचा नसतो. आमच्याकडे राखीव जागेवर नोकरी लागलेला माणूस साहेबासमोर मान वर करत नाही तेव्हा मला या बायका आठवतात.

हे सगळे चालू असताना ती आरहूस विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत होती. सामने, प्रवास, दुखापती सांभाळून परीक्षा देत जानेवारी २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली. युनेस्कोने २०१९ मध्ये तिला मुलींच्या शिक्षणाची सदिच्छादूत नेमले होतेच. ज्या मुलीला शाळेत जायची बंदी होती ती शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभी राहिली. माझ्या लेकीला मी तिचे गोल दाखवत नाही, ही गोष्ट सांगते. (लेकीला गोलच जास्त आवडतात, तो भाग वेगळा.)

तिची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकाची ती सदिच्छादूत झाली आणि डेन्मार्कमध्ये तिच्यावर सडकून टीका झाली. ती स्टेडियमे बांधणारे नेपाळचे, भारताचे, बांगलादेशचे मजूर कोणत्या हालात राहिले हे जगाने पाहिले होते. निर्वासित छावणीतून आलेल्या बाईने त्या मजुरांच्या बाजूने उभे राहायला हवे होते असे मला वाटते. त्याच विश्वचषकात २२ नोव्हेंबरला ती ब्रिटिश वाहिनीवर डेन्मार्क-ट्युनिशिया सामन्याचे विश्लेषण करत असताना तिची आई ट्रकच्या धडकेत गेली. पाच लेकींना जगवण्यासाठी ट्रकमधून आलेली बाई. यावर काय लिहावे?

आणि डेन्मार्कचीही आरती नको. २०१६ मध्ये त्याच देशाने कायदा केला की आश्रय मागणाऱ्याकडे दहा हजार क्रोनरपेक्षा जास्त किमतीचा ऐवज असेल तर पोलिसांनी तो काढून घ्यावा. पुढे सिरियन निर्वासितांचे परवाने रद्द करण्यापर्यंत मजल गेली. नादियाच्या गोलवर टाळ्या वाजवणारे हात तेच. तिच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी दार अरुंद होत गेले.

आता आपल्याकडे वळू. समजा तो ट्रक भरकटत डेन्मार्कऐवजी आपल्याकडे आला असता. त्या सहा जणी दिल्लीत किंवा आमच्या मालवणीत उतरल्या असत्या. पुढे काय?

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९४६ चा विदेशी नागरिक कायदा होता, त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. दोन्हींना माणसांचे दोनच प्रकार कळतात, नागरिक आणि परदेशी. नागरिकत्व अधिनियम, १९५५ प्रमाणे वैध कागदाशिवाय आलेला परदेशी हा बेकायदा स्थलांतरित. त्याला नोंदणीने नागरिकत्व नाही, देशीयकरणाने नाही, कितीही वर्षे राहिला तरी नाही. त्याला इथे मूल झाले तर? मूळ कायद्यात भारतात जन्मलेले मूल भारताचे, असा साधा नियम होता. १ जुलै १९८७ पासून आई-बापांपैकी एक तरी भारतीय हवा अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. जमीन मागे पडली, रक्त पुढे आले.

मग २०१९ ची दुरुस्ती आली. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांना बेकायदा स्थलांतरित धरायचे नाही. अफगाणिस्तान यादीत आहे. २००० साल मुदतीत बसते. तालिबानने बापाला मारले. तरीही नादिया यादीत बसत नाही, कारण तिचे नाव नदीम आहे. तिला छळणारा आणि ती एकाच धर्माचे आहेत म्हणून तिचा छळ हा छळ नाही. हाच तर्क लावायचा तर गावकुसाबाहेर आपल्या बापजाद्यांना छळणारेही त्याच धर्माचे म्हणवत होते, मग तो छळ नव्हताच म्हणायचे काय?

या यादीत बौद्ध आहेत. आमच्यातले काही बांधव मला सांगतात, ताई, आपले नाव आहे ना यादीत, मग कशाला बोलता? याच कारणाने बोलते. कोणाच्या तरी यादीत आपले नाव घालून दुसऱ्याचे वगळले जाते तेव्हा गप्प बसण्याची किंमत आपल्याला दिली जात असते.

१० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाचे कलम घटना समितीपुढे बाबासाहेबांनीच मांडले. मसुदा समितीला सर्वाधिक डोकेदुखी या कलमाने दिली, अशा अर्थाचे ते बोलले. अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी दुरुस्ती सुचवली होती की दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला, तो कुठेही राहत असो, भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा. भाऊसाहेबांचे शेतकऱ्यांसाठीचे आणि शिक्षणातले काम मोठे आहे, ते मी मानते. पण घटना समितीने ती दुरुस्ती स्वीकारली नाही आणि कलम ५ मध्ये या भूमीत जन्म आणि वास्तव्य यांना पहिला मान मिळाला. फाळणीची आग धगधगत असताना हे झाले, ही साधी गोष्ट नव्हे.

निर्वासित हा आपल्यासाठी परका विषय नाहीच. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना, विशेषतः सफाई कामगारांना, तिथले सरकार बाहेर पडू देत नव्हते आणि जे इकडे आले त्यांना छावण्यांत मदत मिळत नव्हती, म्हणून १९४७ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिले. १९४६ मध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्रांनी बाबासाहेबांना घटना समितीत पाठवले. तेच नमोशूद्र पुढे निर्वासित झाले आणि दंडकारण्याच्या नावाखाली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पाठवले गेले. त्यांना आजही महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. बाबासाहेबांना घटना लिहायला पाठवणाऱ्यांची नातवंडे मूलचेरा, चामोर्शीत आहेत हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

चकमा बांधवांचे घ्या. हे बौद्ध आहेत. कप्ताई धरणात जमिनी बुडाल्यावर १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलमध्ये आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की कलम २१ मधला जीविताचा हक्क नागरिकांपुरता नाही, तो माणसाला आहे. चकमांचे नागरिकत्वाचे अर्जही पुढे पाठवण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की तीन महिन्यांत निर्णय करा. १९६४ ते २०१५ हे अंतर वाचकांनी स्वतः मोजावे. तेवढ्या काळात एखाद्या पोरीची खेळाडू म्हणून, आई म्हणून आणि आजी म्हणूनही कारकीर्द संपते.

खेळात हे कसे दिसते? २००८ पासून केंद्राचे धोरण आहे की भारताकडून खेळायचे तर भारतीय पासपोर्ट हवा. पुण्यात खेळलेला इझुमी अराता आठवत असेल. बाप गुजराती, जन्म जपानचा. जपानचे नागरिकत्व सोडून तो २०१३ मध्ये भारताकडून खेळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. जन्म पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा १९५६ च्या संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. त्याचे मनापासून स्वागत. त्याने नियम पाळला आणि त्यासाठी काही गमावलेही. पण पर्थमध्ये जन्मलेल्याला आजोबांच्या रक्ताने दार उघडते आणि दिल्लीत जन्मलेल्या अफगाण निर्वासिताच्या मुलीला तिच्या जन्मभूमीने उघडत नाही. तिने कितीही गोल करावेत. हक्क कर्तृत्वाने नव्हे, वंशाने मिळायचा, ही व्यवस्था आपल्याला कुठून तरी ओळखीची वाटते की नाही?

भारतीय फुटबॉल महासंघ एखाद्या नादियासाठी फिफाच्या विधी विभागापर्यंत गेला असता का, हा प्रश्न मी विचारणार नाही. तिथवर प्रकरण पोहोचतच नाही. ते टेबलावरच अडते, जसे आमच्या अंबुजवाडीच्या पोराचे अडले आहे. तो तर निर्वासितही नाही.

तालिबान २०२१ मध्ये परत आले आणि अफगाण मुलींच्या शाळा, मैदाने पुन्हा बंद झाली. पळून गेलेल्या खेळाडू मुलींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०२५ मध्ये फिफाने त्यांच्या निर्वासित संघाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी मोरोक्कोत तो संघ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. देश नसताना संघ झाला.

हे सगळे त्या दिवशी मी पोराला सांगितले नाही. कलमे त्याला काय सांगणार? ट्रकचे सांगितले, छावणीजवळच्या मैदानाचे सांगितले, एन्शेडेच्या पेनल्टीचे सांगितले. तो ऐकत होता आणि पायाने वाळूत गोल आखत होता. मग म्हणाला, "तिच्याकडे बर्थ सर्टिफिकेट होतं का?" मी म्हटले, ट्रकमधून येताना कोणी ते फाइलमध्ये लावून आणत नाही. "मग तिला खेळायला कसं दिलं?" विचारले म्हणून दिले, आणि मोठ्या लोकांनी तिच्यासाठी भांडण केले म्हणून दिले, असे मी सांगितले.

अर्जाची पुढची तारीख लागली आहे. शाळेच्या पहिलीच्या रजिस्टरचा उतारा मिळाला आहे. त्याला जन्मताना हातात घेणारी सुईण आता सत्तरीची आहे, मालवणीतच लेकीकडे राहते. गुडघे दुखतात, पण रिक्षा पाठवा, मी येऊन सांगते म्हणाली आहे. चाचणी पुन्हा पावसाळ्यानंतर आहे आणि तेव्हा तो चौदा वर्षांखालील गटात बसणार नाही, सोळाच्या गटात मोठ्या पोरांशी खेळावे लागेल. ते सांगितल्यावर तो एवढेच म्हणाला की मनोरीत रोज तेच तर करतो. पाणी चपलांपर्यंत आले होते, तरी त्या दिवशी कोणी खेळ थांबवला नव्हता.